आजोबांची बादली

सासऱ्यांच्या पावलांवर लाल चट्टे दिसले, त्याच सकाळी हेमलताने रोग ओळखला, औषध ठरवलं आणि हिरवी बादलीही वेगळी काढली. बादलीला चिकटपट्टी लावून वर लिहिलं, 'आजोबा'.

"फंगस आहे," तिने नवऱ्याला सांगितलं.

"तुला कसं कळलं?" श्यामकांतने विचारलं.

"खाजतंय ना त्यांना? मग."

देशाच्या राजधानीत, लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरची फरशी जानेवारीत अशी गार, की पाय टेकला तर दात वाजावेत. सासरे राजाराम वर्ध्याहून होळीपर्यंत राहायला आलेले, आणि जन्मभर घरात अनवाणी वावरलेले. म्हणून आल्या दिवशीच हेमलताने त्यांच्यासाठी निळ्या रबरी चपला आणल्या होत्या.

चट्टे दिसल्यावर नियम वाढले. टॉवेल वेगळा. नातीने, केतकीने, आजोबांच्या पलंगावर बसायचं नाही. "आणि बाबा, चपला अजिबात काढू नका. फरशीवर जंतू पडतात."

"झोपताना?"

"तेव्हा काढा. पण पाय खाली टेकवू नका."

राजाराम बरं म्हणाले. चट्टे वाढले. हेमलता हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून त्यांना केमिस्टकडची ट्यूब लावू लागली. तिच्या स्वतःच्या डाव्या तळव्याची सालं दोन महिने निघत होती, पण ती भांड्यांच्या साबणाने, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

दहाव्या दिवशी राजाराम म्हणाले, "गुरुवारचं तिकीट काढलंय. घरी जरा काम आहे."

वर्ध्याच्या घराला कुलूप होतं. काम कसलं, ते कुणी विचारलं नाही.

जाण्याआधी दाखवून तरी घेऊ म्हणून बुधवारी श्यामकांत त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरला रोग नीट सांगायला हेमलता सोबत होतीच. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं, पावलावरचा कोंडा पात्याने खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकातून पाहिला.

"फंगस नहीं है।"

मग त्यांनी निळी चप्पल पावलाशेजारी धरली. जिथे पट्टा, तिथेच चट्टा. "रबर की एलर्जी है, अंकलजी। खुजली हुई तो उतारी क्यों नहीं?"

राजारामांनी सुनेकडे पाहिलं नाही. "बहू ने प्रेम से लाके दी थी।"

हेमलताने पर्स उगाचच घट्ट धरली. डॉक्टरबाईंची नजर त्या हातावर गेली.

"मैडम, यह एक ही हाथ में है?"

"वो बर्तन के साबुन से।"

"साबुन तो दोनों हाथों को लगता है। मोज़े उतारिए।"

नोव्हेंबरपासून ती दिवसभर मोज्यांतच असायची. पोछा मारताना भिजायचे, पायातच वाळायचे. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या. पुन्हा पातं, पुन्हा काच.

"यह है फंगस। पैर किस हाथ से खुजाती हैं?"

उजव्या हाताने पोळ्या करायच्या असतात. "डाव्या," ती मराठीतच म्हणाली. श्यामकांत भिंतीवरचा तक्ता वाचू लागला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तिकीट कॅन्सल करू या ना."

"कन्फर्म आहे गं. राहू दे. येईन पुन्हा."

गुरुवारी त्यांनी निळ्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवल्या.

"त्या कशाला नेता, बाबा?"

"घालणार नाही. पण तू आणलेल्या, टाकवत नाहीत."

शुक्रवारी सकाळी केतकीने न्हाणीघराच्या दारातून विचारलं, "आई, वो तो आजोबांची बादली आहे ना?"

"आता माझी," हेमलता म्हणाली. चिकटपट्टीवरचं नाव मात्र तिने खोडलं नाही.