विघ्न झालेली वैदेही

आमच्या शेजारची वैदेही तीर्थ घेण्याआधी त्याची चौकशी करते. तळहात पुढे करून, मान अदबीने लववून, मोठ्या भक्तिभावाने विचारते, “गुरुजी, यात दूध हाय का?” धाड या आमच्या गावी मी आयुष्यभर संस्कृत शिकविले, फावल्या वेळी पौरोहित्य केले, परंतु तीर्थाची उलटतपासणी घेणारे यजमान मला प्रथमच भेटले. पंचामृतात दूध, दही, तूप आणि मध. पाचांपैकी चौघे बाद. उरलेली साखर मी तिच्या हातावर ठेवतो. ती कपाळाला लावून खाते.

वैदेही अकरावीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने दूधदुभते सोडले. कारण घरच्याच गोठ्यात घडले. वासरू दाव्याला ओढ घेत आहे आणि भरलेली बादली घरात जात आहे, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. एके दिवशी तिला ते दिसले. तेव्हापासून प्रत्येक पदार्थाविषयी तिचा एकच प्रश्न असतो, “हे कोनाच्या वाट्याचं हाय?” ताक वासराच्या वाट्याचे, मध माशीच्या वाट्याचा. एकदा तिने माझ्या रेशमी सोवळ्याकडे पाहिले. विचारले काहीच नाही, हा तिचा विनय; पण त्या दिवसापासून मी पूजेला सुती धोतर नेसतो.

आपल्या व्रताचे नाव तिने घरी ‘व्हीगन’ असे सांगितले. आजीच्या कानी पडले ते निराळेच. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या अंगणात हजर.

“गुरुजी, घात झाला. पोरगी विघ्न झाली!”

“म्हणजे नेमके काय झाले?”

“मले काय माहीत? तिच्याच तोंडानं म्हने, आजी, मी विघ्न झाली. आता विघ्नाची शांती करा लागते का नाही?”

त्या शब्दाचा अर्थ मी परोपरीने समजावून सांगितला. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “ते असू द्या. पन नाव तं विघ्नच हाय ना? पूजा कराच तुम्ही.”

मी गणेशपूजन केले. पंचामृत वैदेहीने सिद्ध केले: नारळाचे दूध, शेंगदाण्याचे दही, तिळाचे तेल, उसाची काकवी आणि साखर. एखादे द्रव्य मिळत नसेल तर त्याच्या जागी दुसरे चालते, असे शास्त्र सांगते. येथे तर दूध गोठ्यात बादलीभर होते! तरीही मंत्र म्हणताना माझी जीभ अडखळली नाही आणि देवानेही तक्रार केली नाही. आजी मात्र तीर्थ चाखून म्हणाल्या, “हे तं चटनी झाली बाई!” आणि त्यांनी दोनदा मागून घेतले.

या आनंदात एकच माणूस सामील नव्हता, तिचे आजोबा. नातीला दात आले तेव्हापासून घरच्या गायीचे, अलीकडे गौरीचे, धारोष्ण दूध ते रोज स्वतःच्या हाताने तिला देत आले होते. तिने पेला परत केला त्या दिवसापासून आबांनी तिच्याशी अबोला धरला. “मी काय जन्मभर वासराचं चोरलं?” एवढेच ते मला म्हणाले. वैदेही रोज हाक मारी, “आबा, जेवाले चला.” आबा टोपी घालून बाहेर निघून जात. असे दोन महिने चालले. साऱ्या गल्लीला हसविणारी ती मुलगी एकदा रडवेली होऊन म्हणाली, “गुरुजी, तुम्ही तरी सांगा ना आबाले. मी चोर नाही म्हनलं त्यायले.”

समजूत घालायची तर माणूस एकटा सापडावा, म्हणून एका सकाळी उजाडताच मी त्यांच्या गोठ्याकडे गेलो. आबा गौरीपाशी उकिडवे बसले होते. बादली कोरडी होती. सांधे सुजून त्यांची बोटे मिटतच नव्हती. दाराआड वैदेही उभी होती. मला पाहताच ती कुजबुजली, “आबाच्यानं धार निघत नसन तं गाय बाजारात नेऊ, असं बाबा म्हनत होते. गौरी गेली तं आबा खचून जाईन, गुरुजी.”

आणि ती आत गेली. आधी तिने वासरू सोडले, त्याला पोटभर पिऊ दिले. मग आबांच्या पुढ्यातली बादली घेऊन गुडघ्यांत धरली. दुधाचा थेंबही न चाखणारी ती मुलगी धार काढू लागली. पहिली धार तिच्या ओढणीवर गेली, दुसरी आबांच्या मिशीवर.

आबांनी मिशी पुसली आणि तिच्या हातांकडे पाहिले.

“आंगठा कायले खुपसते वं तिले? मुठीत धर.”

“असं, आबा?”

“हाव. सावकाश.” मग ते म्हणाले, “उद्या जरा लवकर उठजो.”