बारशाच्या दिवशी मोटारी बंद

"बारसं घरातच होईल," असा निकाल देऊन शत्रुघ्नभाऊ केळीच्या घडाला टेकू लावायला निघून गेले.

एवढं एकच वाक्य. ते गिळलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण तोंडातून बाहेर पडलेली गोष्ट भाऊ परत घेत नसत. (एकदा शिंकताना कवळी बाहेर पडली होती. तीही घेतली नाही.)

झालं होतं असं. भाऊंचा मुलगा संकेत कॅनडात. त्याला मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या जयवंती इकडे नायगावात सासरी. संकेतने फोनवर तोड काढली. माणिकपूरच्या सायबर कॅफेत जा. मी इकडे बाळाच्या कानाला हेडफोन लावतो. ताईने माइकमध्ये नाव सांगायचं. बाळ पडद्यावर दिसेलसुद्धा.

"दुकानात?" भाऊ म्हणाले होते. "बाजूला कोन तरी नोकरीचा अर्ज टाईप करतोय, आन तिथं माझ्या नातीचं नाव ठेवायचं?"

म्हणून जयवंतीचा नवरा भूपेश आपला कॉम्प्युटर रिक्षात घालून नायगावहून भाऊंच्या गावी, गिरीजला आला. पडदा त्याने गोधडीत गुंडाळून मांडीवर धरला होता. भाऊंच्या बायकोने, हंसावहिनींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. जावयावरून की कॉम्प्युटरवरून, ते जावयाला शेवटपर्यंत कळलं नाही.

गणपतीच्या टेबलावर कॉम्प्युटर बसला, माइक-कॅमेऱ्यासकट. शेजारी वहिनींनी रिकामा पाळणा फुलांनी सजवून ठेवला. टेलिफोनची तार वाडीतून येताना नारळाच्या झावळीला घासत असे आणि फोनमध्ये खरखर होई. भाऊंनी तिला केळीच्या घडासारखा बांबूचा टेकू दिला. खरखर थांबली. इथपर्यंत सगळं भाऊंच्या हातातलं होतं.

लाइट मात्र नव्हती. शनिवारी रंगीत तालीम ठरली. संध्याकाळी लाइट आली, भूपेशने बटण दाबलं, आणि तेवढ्यात डोक्यावरचा दिवा पिकल्या सुपारीसारखा लाल झाला. यूपीएसचा डबा चिमणीच्या पिल्लासारखा ओरडला आणि गप्प झाला.

"काय झालं, भूपेशराव?"

"व्होल्टेज नाही, बाबा. लाइट आली की सगळ्या वाडीतल्या मोटारी एकदम चालू होतात."

यात चूक कोणाचीच नव्हती. गिरीजला पंपाचं बटण कोणी बंद करतच नाही. लाइट कधी येईल ते येणाऱ्या लाइटलाही माहीत नसतं. म्हणून बटण चालूच ठेवायचं. लाइट आली की मोटार उठते, पाणी पाटाला लागतं, मालक झोपेतून कूस बदलतो.

"मग उद्या मोटारी बंद ठेवायला सांगावं लागेल," भूपेश म्हणाला.

सांगायचं म्हणजे मागायचं. आणि भाऊंनी जन्मात शेजाऱ्याकडे विरजणही मागितलेलं नव्हतं. दूध नासलं तर भाऊ कोरा चहा पीत आणि तोच चांगला असतो म्हणून सांगत.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "नातीचं तोंड बघायचं हाय की नाय?"

भाऊंनी टोपी चढवली आणि निघाले. पहिलं कुंपण क्लेमेंटीनचं. नवऱ्यामागे एकटीने भाजीची वाडी सांभाळणारी बाई. जिभेला धार कोयत्याची.

"क्लेमेंटीनबाय, उद्या सांजच्याला मोटार बंद ठेव."

"का? माझ्या पान्यानं तुमचं काय घोडं मारलं?"

"नातीचं बारसं हाय. कॅनडात."

"कॅनडात बारसं, आन मोटार माझी बंद?"

भाऊंनी टोपी सारखी केली. मग जो शब्द त्यांना येतो की नाही याची गावाला शंका होती, तो त्यांनी उच्चारला. "कृपा कर."

क्लेमेंटीनच्या हातातली वांगी खाली पडली. "अगो माय! भाऊ, परत म्हना."

"एकदाच म्हनतो मी."

"बरं, बरं. ठेवते बंद. आन बघायला पन येनार मी. कॅनडा कसा दिसतो ते."

असे भाऊ प्रत्येक वाडीत गेले. परतले तेव्हा मान ताठ होती, पण चेहरा मात्र ताप येऊन गेलेल्या माणसाचा.

रविवारी बायका जमल्या. घुगऱ्या शिजल्या. कॅनडातली सकाळ म्हणजे गिरीजची संध्याकाळ. दिवस मावळताना लाइट आली, आणि सगळे बघतच राहिले.

दिवा पांढरा पेटला. लख्ख पांढरा. त्या खोलीत तो कधीच असा पेटला नव्हता. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोतले डोळे दिसले. कोपऱ्यातली जळमटं दिसली. (वहिनींनी पदराने झाकायचा प्रयत्न केला.) बाहेर एकही मोटार घुमत नव्हती. वाडीत बेडूक असतात हे गावाला नव्याने कळलं. एका माणसाच्या शब्दावर सगळ्या विहिरी गप्प बसल्या होत्या. भाऊंना आत कुठेतरी गलबलून आलं. त्यांनी ते खोकून घालवलं.

भूपेशने इंटरनेट लावलं. मोडेमच्या डब्यातून कोंबडीच्या मानेवर पाय पडावा तसा आवाज आला. क्लेमेंटीनने छातीवर क्रुसाची खूण केली. मग पडद्यावर राखाडी चौकोन हलले, त्या चौकोनांतून संकेतचा खांदा झाला, आणि खांद्यावर एक तोंड. मुठीएवढं. कान मात्र सुपाएवढे.

ते कान भाऊंचे होते. त्यांच्या बापाचेही तसेच होते. सात समुद्र ओलांडून, बांबूच्या टेकूवरून, तारेतून सरकत ते कान गिरीजला परत आले होते. त्या तोंडाने जांभई दिली आणि भरली खोली पडद्याकडे सरकली.

भाऊंनी टोपी काढली. देवळाबाहेर त्यांचं टक्कल तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

पडद्यातून संकेतचा आवाज आला. "आई, ते पुढे उभे आहेत ते कोण?"

"अरे, बाबा तुझे!"

"मग टोपी घालायला सांग त्यांना. ओळखू येत नाहीत."

हसता हसता जयवंती माइकवर वाकली. संकेतने बाळाच्या कानाला हेडफोन लावला. मागे बायका धपाटे घालायला हात उगारून सज्ज. "कुर्रर्र..." जयवंतीने सुरुवात केली. पाठीत धपाटे बसले. आणि दिवा लाल झाला.

बाहेर घुंईंईं असा घोगरा, मस्तवाल आवाज उठला.

"कोनाची मोटार ती?" भाऊ गरजले. यूपीएस चिरकला. पडद्यावरचं तोंड एका ठिपक्यात गोळा झालं आणि गेलं.

भाऊ कंदील घेऊन निघाले. मागे घुगऱ्यांच्या वाट्यांसकट सगळं बारसं. आधी क्लेमेंटीनचा पंप.

"हात लावून बघा," ती म्हणाली. "मुडद्यासारखा गार हाय."

तिथून ते आवाजाच्या रोखाने चालत राहिले. केळीतून, पाटावरून, आवाज मोठा होत गेला. भाऊ तोंडाने शिव्यांची उजळणी करत होते. शेवटी एका पंपघरापाशी सगळे थांबले. दारावर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'शत्रुघ्न यांची मोटार. हात लावू नये.'

कोणी हात लावला नव्हता. भाऊंनीही नाही. गावात सगळ्यांत मोठी मोटार त्यांची, आणि तिला आपोआप चालू होणारा स्टार्टर. सगळ्यांची झुंबड ओसरल्यावर आपली उठावी, म्हणून भाऊंनी तो मुद्दाम उशिराचा लावून घेतला होता. दुसऱ्यांच्या मोटारी बंद करायच्या नादात स्वतःलाही एक मोटार आहे, हे त्यांना आठवलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी अख्ख्या गिरीजमध्ये एकाच वाडीला पाणी लागलं.

"भाऊ," क्लेमेंटीन गोड आवाजात म्हणाली, "हिला पन कृपा कर म्हनून बघा."

घरी येईपर्यंत लाइट गेली होती, पण टेलिफोन वाजत होता. त्याला लाइट लागत नाही. जयवंतीने त्याच्यावरच कुर्रर्र केलं आणि बाळाचं नाव 'आर्या' असं अंधारात सांगून टाकलं.

"मग हे आधीच फोनवर का नाय केलं?" वहिनींनी विचारलं. जावई घुगऱ्या खाऊ लागले.

"तोंड दिसलं असतं काय फोनमंधून?" भाऊ म्हणाले. खरंच, दिसलं नसतं.

फोन ठेवण्याआधी संकेत हळूच म्हणाला, "बाबा, एक घोटाळा झालाय. ताईच्या कुर्रर्रनंतर बाळाच्या कानात पहिले शब्द तुमचे गेले. 'कोनाची मोटार ती?'"

आर्या चालती-बोलती झाल्यावर गिरीजला आली. कुंपणाशी भाऊंचं बोट धरून उभी राहिली. क्लेमेंटीनने ते कान पाहिले, भाऊंच्या टोपीखालचे कान पाहिले, कंबरेवर हात ठेवले आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "कोनाची गो मोटार ही?"

भाऊंनी मान खाली घातली. "आमचीच," म्हणाले.