रेघेपलीकडची मासोळी

बिसेन गुरुजींच्या स्वयंपाकघरात जमिनीवर खडूची रेघ होती. रेघेच्या अलीकडे सात्त्विक आहार, पलीकडे त्यांच्या पत्नी यमुनाबाई. सारवण झालं की रेघ पुसली जाई आणि गुरुजी फूटपट्टी लावून ती पुन्हा काढत.

तालुक्याच्या गोरेगावात गुरुजींची आणि आमची मधली भिंत एकच. त्यामुळे त्यांचा संसार मी न मागता ऐकत आलो. गुरुजींच्या गळ्यात तुळशीची माळ. बाई नवेगाव बांधच्या, तलावाकाठी वाढलेल्या. मासोळीवाचून भात घशाखाली उतरत नसे. निवृत्तीनंतर गुरुजींनी आहारशुद्धी मंडळ काढलं. अध्यक्ष, सचिव आणि बहुतेक सभांना श्रोतेही तेच. "आहार तसा विचार!" हे पालुपद.

"मंग वांगे खाऊन माह्यावर काऊन खेकसता जी?" पलीकडून बाई विचारत. मंडळ तेवढ्यात फूटपट्टी शोधू लागे.

पुढे बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला महिनाभर अवकाश होता. त्यात एक दिवस घशात काटा अडकला. कोरड्या भाताचे गोळे गिळून तो कसाबसा उतरला, पण बाईंनी मासोळीच सोडली. मंडळाला पहिला सभासद मिळाला म्हणून मी अभिनंदनाला गेलो. गुरुजी ओट्यावर उदास बसले होते.

"जेवूनच नाही राहिली भाऊ. दोन घास घेते अन् उठते. अशी खंगली तं ऑपरेशन कसं झेपन तिले?"

त्या आठवड्याच्या बाजारात मासोळ्यांच्या ओळीत एक गृहस्थ लख्ख उन्हात छत्रीआड तोंड लपवून उभे होते. छत्री ओळखीची होती. मी वांग्यांकडे वळलो.

दुपारी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो. नाकावर दुपट्टा बांधून, चष्मा सावरत गुरुजी बाईंसमोर पाटावर बसले होते. मासोळीतला एकेक काटा निवडून मऊ गर बाईंच्या भातावर ठेवत होते.

"एखादा राहिला तं?" बाई म्हणाल्या.

"जन्मभर पेपर तपासले. चूक सुटली नाही कधी. खाय मुकाट्यानं."

"दुपट्टा सोडा जी, जीव घाबरन तुमचा."

"तू घास घे आधी."

बाईंनी घास घेतला. मग दुसरा. मग भात आणखी मागितला.

मी खाली पाहिलं. रेघ ताजी होती, भिंतीपासून निघालेली, फूटपट्टीनं काढलेली, सरळ. फक्त बाईंच्या ताटापाशी येऊन ती गुरुजींच्या पाटाला वळसा घालून गेली होती. नियमानं गुरुजी अजून अलीकडेच होते.