साळिंदराची बढती

एका जंगलात, मुलांनो, घोंगड्यांचं एक मोठं दुकान होतं. अंगभर केस असलेली जनावरं घोंगड्या कशाला घेतील, असं तुम्हाला वाटेल. गिऱ्हाइकांनाही तसंच वाटायचं. त्यांची समजूत घालायला दुकानात दौलतराव होते.

दौलतराव म्हणजे साळिंदर. पाठभर काटे, त्यामुळे घोंगडी दाखवताना ते ती हात लांब करून धरत. "मला या कामावर ठेवलं, म्हणजे मालकांना विनोदाची आवड असणार," असं ते स्वतःच म्हणत. पण विकत झकास. अस्वलाला भर उन्हाळ्यात घोंगडी विकली होती त्यांनी.

पगार रताळ्यांत मिळे. दौलतराव कामाला लागले तेव्हा टोपलीभर मिळत. मग मंदी आली आणि टोपली अर्धी झाली. मंदी गेली, टोपली अर्धीच राहिली. मग एके दिवशी घोरपड मॅडम म्हणाल्या, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." त्या महिन्यापासून ओंजळभर मिळू लागली.

घोरपड मॅडम दुकानाचा कारभार बघत. त्यांचा सगळा जीव सुभान नावाच्या पारव्यावर. सुभान नवा होता. घोंगडी उलटी की सुलटी, हेही त्याला कळत नसे. पण मॅडम काही बोलल्या की त्याची मान हले. मॅडम म्हणाल्या, "घोंगडीला भोक असलं की हवा खेळते." मान हलली. त्याला भरलेली टोपली मिळे आणि सावलीतला काउंटरही.

"मान हलवता येत नाही, हेच माझं चुकतं," दौलतराव बायकोला म्हणाले.

"तुम्हाला मान आहे कुठे?" सगुणाबाई म्हणाल्या.

तरी दौलतरावांनी सराव केला. मॅडम बोलत असताना एकदा जिवाच्या आकांताने मान हलवली. पण त्या जोराने पाठीवरचे सगळे काटे ताठ उभे राहिले. मॅडम मागे सरकल्या.

"दौलतराव, तुम्ही हल्ली फार आक्रमक झालाय," त्या म्हणाल्या. आणि ओंजळ आणखी उथळ झाली.

मग एक दिवस हत्तीण आली. तिचं पिल्लू हुडहुडी भरून कापत होतं. त्याच्या मापाची घोंगडी दुकानात नव्हती. सुभान घाबरून नुसता मान हलवत उभा राहिला. दौलतरावांनी दात आवळून पाठीचा एक काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं. त्या काट्याची सुई करून त्यांनी कितीतरी घोंगड्या एकमेकींना जोडल्या आणि पिल्लावर घातल्या. पिल्लाचं कापणं थांबलं. हत्तिणीने सगळ्या घोंगड्या घेतल्या आणि जाताना दौलतरावांच्या डोक्यावरून सोंड फिरवली, जरा जपूनच.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. "आजची विक्री सुभानमुळे झाली," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक बोलत होतं तेव्हा तो सारखा होकार देत होता. मी स्वतः पाहिलंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दौलतरावांनीही वाजवल्या. हात सवयीने वर गेले, त्याला ते तरी काय करणार?

बाहेर पडताना सुभानने त्यांना गाठलं. "काका, मी होकार देत नाही हो. आम्हा पारव्यांची मान आपोआप हलते."

"मग मॅडमना सांगायचंस."

"सांगितलं ना. सांगतानाही हलत होती." तो ओशाळून म्हणाला, "आणि रताळी मी खातही नाही. तुम्हीच न्या ही टोपली."

"मला माझ्या हक्काचं हवंय," दौलतराव बाणेदारपणे म्हणाले. घरी पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडू लागले आणि त्यांना स्वतःच्या बाणेदारपणाचा फार राग आला.

सकाळी ते थेट मालकांकडे गेले. मालक म्हणजे तळ्याकाठचं म्हातारं कासव. घोंगड्यांची हकीकत मालकांनी मान बाहेर काढून ऐकली. पगाराचा विषय निघाला तशी मान आत गेली. दौलतराव बसून राहिले. ऊन कललं तेव्हा ती बाहेर आली.

"तुमच्यावर अन्याय झालाय," मालक म्हणाले.

दौलतरावांना भरून आलं. इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं.

"आजपासून तुम्ही ज्येष्ठ विक्रेते. सुभानलाही तुम्हीच शिकवायचं."

"आणि रताळी?"

"ज्येष्ठांना रताळी पचायला जड जातात," मालक मायेने म्हणाले. "ती थोडी कमी करू."

सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टेकडीमागे रताळ्यांचे वेल माजलेत. उद्यापासून मी उकरायला जाते. तुम्हीही चला. नखं आहेत ना आपल्याला?"

दौलतरावांनी आपल्या पंजांकडे पाहिलं. आपल्याला उकरता येतं, हे घोंगड्यांच्या घड्या घालता घालता ते पार विसरले होते. त्यांना एकदम हलकं वाटलं. उजाडल्यावर ते बायकोबरोबर टेकडीच्या वाटेला लागलेसुद्धा.

फाट्यावर मात्र त्यांचे पाय थबकले. "ज्येष्ठ विक्रेता माती उकरताना कुणाला दिसला तर?" ते म्हणाले. आणि दुकानाकडे वळले.

संध्याकाळी सगुणाबाईंनी ताटात भाजलेली गरम रताळी वाढली. दौलतरावांनी पोटभर खाल्ली, ढेकर दिला आणि म्हणाले, "काही म्हण, पगार कमी केला तरी भागतंय आपलं."

तात्पर्य: मुलांनो, अन्याय कधी सहन करू नका. थेट मालकांकडे जा. पगार वाढला नाही तरी हुद्दा नक्की वाढतो. फक्त तो परवडावा म्हणून घरात कुणीतरी रताळी उकरणारं असू द्या.