घरच्या मैदानाचा सातबारा

धाराशिव जिल्हा ग्रामीण महिला बास्केटबॉल साखळी स्पर्धेत बोरखडी आणि तेरखेडा या दोन संघांचे गुण समान झाले. घटना गंभीर होती. टंचाई आली तर काय करायचं हे जिल्ह्याला पाठ होतं, टँकरचं वेळापत्रक ठरलेलं असतं. बरोबरीचं वेळापत्रक कुणाकडेच नव्हतं.

स्पर्धेचा नियम साधा होता. सहा संघ, प्रत्येकाचे दहा सामने. पहिले दोन अंतिम सामना खेळणार आणि तो पहिल्या क्रमांकाच्या संघाच्या घरच्या मैदानावर होणार. बोरखडी आणि तेरखेडा, दोघांनीही आठ जिंकले, दोन हरले. अंतिम सामना या दोघांत होणार हे मैदानाकडेच्या पानटपरीलाही माहीत होतं. कुठं होणार, हे समितीला माहीत नव्हतं.

येडशीजवळच्या बोरखडीच्या संघाची कर्णधार शिवकन्या हिच्यासाठी मात्र 'कुठं' एवढाच प्रश्न होता. तिची आई सखूबाई दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायची ती मृगाच्या तोंडावर परतायची. त्यामुळे लेकीचे दहाच्या दहा सामने तिनं फोनवर ऐकले होते, तेही रेंज असेल तेव्हा. आता ती परतली होती. अंतिम सामना बोरखडीत झाला तर बघता येणार होता. तेरखेड्याला झाला तर नाही, कारण सखूबाईची साठ मेंढरं दुसऱ्या कुणाच्या हाळीला ओ देत नव्हती.

"आये, तुझ्या म्होरं खेळणार बघ म्या," शिवकन्यानं सांगून ठेवलं होतं.

घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो दोन्हीकडे भरपूर होता. बोरखडीचं मैदान उगवतीला उतरतं होतं आणि एका रिंगवर बाभळीची फांदी आली होती. फांदीच्या वरून टाकायचं की खालून, हे फक्त गावच्या पोरींना कळायचं. तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने, त्यामुळे पाहुणी मुलगी फ्री थ्रोला उभी राहिली की गाव प्रेमानं एक सुतळी बॉम्ब लावायचं.

समितीची बैठक धाराशिवला एका टेलरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरली. सचिव शिवप्रसाद सरांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेचे बरोबरी फोडायचे नियम मोबाईलवरून उतरवून मराठीत आणले होते. अध्यक्ष अमरसिंह यांनी त्यांना हार घातला आणि कामकाज सुरू झालं.

"कलम एक, आपसातले सामने," सरांनी वाचलं. "दोन झाले. ज्याच्या घरी झाला तो जिंकला. एकेक."

"कलम दोन?"

"आपसातल्या सामन्यांतला फरक. बोरखडी सेहेचाळीस-एक्केचाळीस, पाचनं. तेरखेडा बावन्न-सत्तेचाळीस. पाचनं."

"पोरींनी संगनमत केलंय," अध्यक्ष म्हणाले. "पुढं."

पुढचं कलम विभागविजेत्याचं होतं. जो आपल्या विभागात पहिला, त्याला वरचं स्थान. समितीनं तालुका म्हणजेच विभाग धरला. प्रत्येक तालुक्यातून एकच संघ असल्यानं सहाही संघ आपापल्या विभागात पहिले आले. समितीनं सहा प्रमाणपत्रं छापली. दहाच्या दहा सामने हरलेल्या संघानं गावातून मिरवणूक काढली आणि आमदारांचा फोटो असलेला बॅनर लावला. तो अजून आहे.

त्यानंतरचं कलम म्हणत होतं, अंतिम टप्प्यात पोचलेल्या संघांविरुद्धची कामगिरी बघा. अमेरिकेत तिथं डझनावारी संघ पोचतात. इथं बोरखडीपुढं तेरखेडा आणि तेरखेड्यापुढं बोरखडी, म्हणून ते कलम मुकाट्यानं कलम एककडे परत गेलं. साऱ्या स्पर्धेतला गुणफरक काढला तर दोघांचाही अधिक त्र्याहत्तर. शिवप्रसाद सरांनी तीनदा बेरीज केली. तिसऱ्या वेळी एकाचा त्र्याऐंशी आला तेव्हा खोलीत आनंद पसरला, पण तो दोनदा धरलेला हातचा निघाला.

"शेवटचं कलम, नाणेफेक," सर म्हणाले.

अध्यक्ष खुर्चीत ताठ झाले. "सर, नशिबावरच सोडायचं तर समिती कशाला?"

नाणेफेक एकमतानं फेटाळली गेली आणि मुळात घरचं मैदान खरोखर कुणाचं 'घरचं' आहे, हे कागदावर तपासायचं ठरलं. दोन्ही संघांना पत्र गेलं: सात दिवसांत मैदानाचा सातबारा सादर करावा.

बोरखडीचा सातबारा आला. जमीन सरकारी, वापर गुरचरण. तेरखेड्याकडून ग्रामपंचायतीचा उतारा आला. वापर बाजारओटा.

"म्हणजे कायद्यानं बोरखडीच्या मैदानावर यजमान कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"जनावरं, साहेब."

"आणि तेरखेड्यात?"

"भाजीवाले."

दोन्हीकडे खेळाडूच पाहुणे निघाले. तिथंही बरोबरी झाली. मग जनावरांची खात्री करायला समिती स्थळपाहणीला बोरखडीत आली.

मैदानात यजमान चरत होते. सखूबाई काठीवर हनुवटी टेकून उभी होती. शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली.

"साहेब, फायनल हितंच ठेवा की," ती म्हणाली. "माझ्या आईनं एकबी मॅच बघितली न्हाय."

"बाळ, आई बघू शकेल का, असं कलम नाही," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "असतं तर लावलं असतं."

सखूबाईनं विचारलं, "व्हय सायेब, दोघी सारख्याच हायेत न्हवं? मंग एक डाव लावा की त्यांच्यात. जी जिंकंल ती वर."

"मावशी, लावला असता. पण कुठं लावायचा?"

"हितं."

"मग तेरखेडा म्हणणार, आमच्यावर अन्याय झाला."

"मंग तिकडं लावा."

"मग तुमच्यावर."

"मंग येडशीला लावा मधी."

"येडशी तुम्हाला पाच किलोमीटर जवळ. त्यांचा अर्ज आलाच समजा." अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "अंतिम सामना कुठं खेळायचा हे ठरवायला सामना खेळायचा, तर तो कुठं खेळायचा हे आधी ठरवावं लागतं. हे तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाय कळत," सखूबाई म्हणाली, आणि रिंगखाली शिरलेल्या एका मेंढीला हाळी घातली.

परतीच्या वाटेवर गाडीत अध्यक्षांना न्याय सुचला. दोन्ही संघ सर्व कलमांनुसार समान आहेत. समानांना समान वागणूक द्यावी. सबब, घरच्या मैदानाचा फायदा दोघांनाही देण्यात यावा. अंतिम सामना रविवारी दुपारी चार वाजता बोरखडीत आणि तेरखेड्यात एकाच वेळी होईल. प्रत्येक संघानं आपल्या घरच्या मैदानावर हजर राहावं. गैरहजर राहणाऱ्या यजमानावर कारवाई होईल.

जिल्ह्यात निर्णयाचं स्वागत झालं. दोन्ही गावांनी पेढे वाटले.

रविवारी साडेतीनलाच सखूबाई मेंढरं घेऊन मैदानाच्या कडेला दगडावर बसली. नवं लुगडं नेसली होती. मैदानावर चुन्याच्या रेघा, मधोमध शिवकन्या आणि तिच्या चार जणी, हातात शिट्टी घेऊन शिवप्रसाद सर. चार वाजले. सरांनी घड्याळ बघितलं. समोरची बाजू रिकामी होती.

"कोन यायचंय?" सखूबाईनं विचारलं.

"तेरखेडा. पर त्या त्यांच्या घरी हायेत," शिवकन्या मैदानातूनच म्हणाली.

"मंग?"

"मंग वाट बघायची. पंधरा मिनिटं. नियम हाय."

पंधरा मिनिटं पोरी उभ्या राहिल्या. चौघींनी आळीपाळीनं बूट बांधले. सव्वाचारला सरांनी शिट्टी फुंकली आणि हात वर केला. "पाहुणा संघ अनुपस्थित. बोरखडी वीस-शून्यनं विजयी!"

गावानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. तेरखेड्याहून अध्यक्ष बोलत होते. तिकडं बोरखडीचा संघ अनुपस्थित राहिल्यानं तेरखेडा वीस-शून्यनं विजयी झालं होतं.

सर कागदावर मांडत गेले. बोरखडी: एक विजय, एक पराभव, फरक शून्य. तेरखेडा: एक विजय, एक पराभव, फरक शून्य. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "छान. आता कलम एकपासून पुन्हा."

शिवकन्या आईजवळ येऊन बसली.

"झालं?" सखूबाईनं विचारलं.

"झालं. जिंकलो आमी."

"तू तर हललीबी न्हाईस."

"आन् हरलोबी."

"कवा?"

"आत्ताच. सव्वाचारला. तेरखेड्यात."

सखूबाईनं साठ मेंढरांवरून नजर फिरवली. "अशी तर ही रोज जिंकतेत," ती म्हणाली आणि काठी टेकून उठायला लागली.

शिवकन्यानं तिचा पदर धरला आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. तेरखेड्याची कर्णधार मोनिका पलीकडून लगेच ओरडली, "काय गं, वीसनं हाणलं की तुला!"

"म्या बी तुला वीसनंच हाणलंय. पाय दुखतेत का?"

"लई! उभं राहून राहून मुंग्या आल्या. येऊ का तिकडं?"

"तुझं घरचं मैदान सोडून?"

"घर कुठं पळून जातंय का? पिकअप हाय दारात. बस तिथंच."

अर्ध्या तासात पिकअप आली. मागं पाच पोरी, गावची चार-सहा माणसं, पोरींच्या मांडीवर चेंडू आणि दोन पोती फटाके. शिवप्रसाद सर आडवे आले. "सामना संपलाय! निकाल लागलाय. हा खेळ अनधिकृत आहे, मी गुणपत्रिका देणार नाही."

"ऱ्हाऊ द्या सर," मोनिका म्हणाली. "चेंडू हाय आमच्याकडं."

सर गुणपत्रिका आणि शिट्टी घेऊन निघून गेले. शिट्टी नसल्यानं फाऊल झाला की सखूबाई मेंढरांची हाळी द्यायची आणि दहाही पोरी जागच्या जागी थांबायच्या. साठ मेंढरंही. तेरखेड्याच्या माणसांनी दोन्ही संघांच्या फ्री थ्रोला सारखेच बॉम्ब लावले. मोनिकानं दोन वेळा बाभळीत चेंडू अडकवला आणि तिसऱ्या वेळी फांदीच्या खालून घातला, तेव्हा आख्खं बोरखडी ओरडलं. मग शिवकन्या उतारावरून पळत आली, दोघींना चुकवलं, वळली आणि आईकडे पाठ करून चेंडू वर सोडला. चेंडू रिंगवर दोनदा फिरला. सखूबाई दगडावर उभी राहिली होती. हातातली काठी कधी पडली, तिला कळलं नाही.

समितीनं दोन्ही संघांना अनधिकृतपणे खेळल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस काढली आहे. मूळ बरोबरीची फाईल कलम तीनवर आहे आणि विभागविजेत्यांची सहा नवी प्रमाणपत्रं छापायला गेली आहेत. त्या दिवशी कोण जिंकलं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. सखूबाईला विचारलं तर ती म्हणते, "लई खेळली माझी पोरगी."

एवढ्यावर तुमचं समाधान झालं नसेल, तो चेंडू आत पडला की बाहेर आणि स्कोअर किती झाला हेच मनात घोळत असेल, तर समितीत सदस्याची एक जागा रिकामी आहे. अर्ज दोन प्रतींत द्यावा. दोन अर्जदार सारखेच लायक ठरल्यास कलम एकपासून सुरुवात होईल.