रुमालाखालचा इंग्रजीचा तास

लेसन प्लॅन कसा करावा, हे अख्ख्या नागपुरात कोणाला विचारायचं असेल तर मला विचारा! तिसरीच्या इंग्रजीच्या एका तासाचा मी अकरा पानी आराखडा केला होता. पाच मिनिटं वॉर्म-अप, दहा मिनिटं नवे शब्द, वीस मिनिटं संभाषण, पाच मिनिटं उजळणी. पोरं कुठल्या मिनिटाला हसतील तेसुद्धा हिरव्या शाईत लिहिलं होतं.

कारणही तसंच होतं. तीन वर्षं मी कंत्राटावर शिकवत होते. संस्थेचे अध्यक्ष मनोहरराव तास बघायला येणार आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ठरवणार. मनोहरराव मूळचे काटोलकडचे शेतकरी. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून इंग्रजीच्याच तासाला ते हटकून बसतात.

ते पंधरा मिनिटं उशिरा आले आणि मागच्या बाकावर बसले. त्यांची वाट बघण्यातच वॉर्म-अप आणि नवे शब्द वाया गेले. म्हटलं, जाऊ दे, संभाषण तर आहे. विषय होता बाजार. घरून एक वस्तू आणायची आणि इंग्रजीतून विकायची, असं मुलांना सांगून ठेवलं होतं. पियुषनं तान्ह्या पोळ्याला पोरं सजवून मिरवतात तसला लाकडी नंदी आणला होता. गिऱ्हाईक दामिनी. मी टाळी वाजवली.

पियुषनं खिशातून रुमाल काढला, दामिनीच्या हातावर टाकला, त्याखाली आपला हात घातला आणि तिची बोटं दाबू लागला. दामिनीनं नकारार्थी मान हलवली. त्यानं पुन्हा दाबली. दोघांच्याही तोंडून चकार शब्द नाही. तेव्हा मला आठवलं, पियुषचे आजोबा बैलबाजारात दलाल होते, आणि तिथं भाव रुमालाखाली बोटं दाबूनच ठरतो.

"बोल ना रे काहीतरी," मी वाकून पुटपुटले. मी घाबरले की मराठीत घाबरते.

"मॅडम, सौद्यात बोलत नसते," तो माझ्या कानात म्हणाला. "बाकीच्याईले भाव समजते ना."

बाकीच्यांना ही पद्धत भलतीच आवडली. बघता बघता चाळीस पोरं आणि वीस रुमाल! कंपास, डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळं मुकाट्यानं विकलं जात होतं. अशी शांतता त्या वर्गात तीन वर्षांत झाली नव्हती. शेवटी मीच दामिनीच्या जागी बसून रुमालाखाली हात घातला. म्हटलं, हळूच एखादं वाक्य वदवून घेऊ. पियुषनं माझी दोन बोटं दाबली, मी गोंधळून मान डोलावली, आणि नंदी माझ्या मांडीवर आला. केवढ्याला घेतला, ते मला आजही माहीत नाही.

तेवढ्यात मनोहरराव उठले. ते पुढे आले, नंदी उचलला, त्याचे खूर तपासले आणि माझा सौदा मोडून पियुषसमोर फरशीवर मांडी घालून बसले. रुमालाखाली हात गेला. दोघं एकमेकांकडे रोखून बघत राहिले. घंटा झाली तेव्हा अध्यक्ष घामाघूम होते आणि नंदी त्यांच्या बगलेत होता.

"मॅडम," ते म्हणाले, "बाकीच्या वर्गात इंग्लिशच्या तासाले पोट्टे मराठीच बोलून राहिले दिसते. तुमच्या वर्गात मले एक शब्द मराठी ऐकू नाही आला. याले म्हणते इंग्लिश. तुम्ही आजपासून पक्क्या. अन् बाकीच्या मॅडमले बी असंच शिकवाले सांगा."

"थँक्यू, सर," मी हात जोडून म्हणाले. त्या तासात वर्गात बोललं गेलेलं इंग्रजी तेवढंच.