केशरी बोंबील

"जगातलं कुठलंही लाकूड आणा! डोळ्यांवर पट्टी बांधा! नुसत्या वासावरून नाव सांगतो!"

ही घोषणा दांडी गावातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी ऐकली होती. लग्नात, बारशात, एकदा तर तिरडी बांधताना सुद्धा! घोषणा करणारा होता नरहरी तामोरे. बोईसरला एका कारखान्यात फिटर. शिफ्ट सुटून बस नाक्यावर थांबली, की बाकीची माणसं चहाच्या टपरीकडे वळायची आणि नरहरी तडक घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचा. तिथे भंगारातून आणून दुरुस्त केलेला एक छोटा लेथ होता, लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र. त्यावर तो पेनं, भोवरे, कुंकवाचे करंडे, कानातलं ठेवायच्या डब्या करायचा. वस्तू तळहाताएवढी, पण लाकूड परदेशी! एक झेब्र्यासारखं पट्ट्यापट्ट्यांचं, एक कापल्यावर हळूहळू जांभळं होणारं, एक करपलेल्या कॉफीसारखं काळपट. बोईसरच्या वखारीतले मेहुलभाई दारं-खिडक्यांसाठी बाहेरदेशचं लाकूड मागवायचे आणि उरलेले तुकडे एका पिंपात टाकायचे. नरहरी त्या पिंपात खांद्यापर्यंत शिरायचा आणि सापडलेला तुकडा तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन रिक्षाने घरी यायचा.

हात त्याचा खरोखर चांगला होता. घोळ होता तो ओळखण्यात.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष तात्या. त्यांना नरहरीने 'अस्सल आफ्रिकन एबनी'चं पेन भेट दिलं होतं. तात्यांनी ते पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला लावलं आणि भर उन्हात भाषणाला उभे राहिले. भाषण रंगलं तसं पेन पाघळलं! ती एबनी म्हणजे किनाऱ्यावर सापडलेली जुन्या होडीची फळी होती. वर्षानुवर्षं डांबर पिऊन काळीकुट्ट झालेली! त्यानंतर त्याने 'दुर्मीळ कापूरवृक्षाची' डबी गावभर हुंगायला दिली. लोकांनी माना डोलावल्या. मग त्याची बायको मंजुळा बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या साड्यांतल्या डांबरगोळ्या कुणी घेतल्या? त्या डबीत ठेवल्या होत्या मी!"

तेव्हापासून नरहरी लाकूड हुंगायला लागला की लोक घड्याळ बघायला लागायचे.

एके दिवशी मंजुळाने वरणाचं पातेलं त्याच्यापुढे आदळलं. "यात काय हाय ते ओळखा!"

नरहरीने वाकून बघितलं. वरणावर भुसा तरंगत होता. "सागाचा दिसतोय," तो म्हणाला.

"उद्यापासून घरात कणभर भुसा आला तर तुमचा लेथ समुद्रात!"

नरहरीने डोकं लढवलं. भंगारातून एक दांडगा एक्झॉस्ट पंखा आणला, शेडच्या मागच्या भिंतीला भोक पाडून बसवला, चालू केला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सगळा भुसा सुर्रकन बाहेर! घरात एक कण नाही! मंजुळा सुद्धा "बरं केलंत," म्हणाली. हे वाक्य त्या घरात इतकं दुर्मीळ होतं, की नरहरीने त्याच खुशीत ठरवलं, आता हिच्यासाठी एक करंडा करायचा. असा करंडा, की बघणाऱ्याने बघत राहावं!

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने मेहुलभाईंच्या पिंपातला एक मळकट तपकिरी ठोकळा लेथवर चढवला. पटाशी टेकवली मात्र, आतून असा केशरी रंग उसळला की पिकली पपई कापल्यासारखं वाटलं! नरहरीने मशीन थांबवलं. तुकडा नाकाला लावला, मंद गोडसर वास. भिंग लावून रेषा बघितल्या, मोठी मोठी छिद्रं. हातावर तोलला, चांगला भरीव. "पडौक!" तो एकटाच ओरडला. "आफ्रिकेचं पडौक!" आणि तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा लावून तो दुपारभर कातत राहिला. पंखा घरघरत होता, भुसा बाहेर जात होता. बाहेर म्हणजे नेमका कुठे, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

बाहेर ठकीमावशीची वलांडी होती. म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्या, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले ओले बोंबील. ठकीमावशी त्या दिवशी बोईसरच्या बाजारात बसली होती. परतली तेव्हा अंधार पडला होता.

सकाळी तिच्या किंकाळीने कावळे उडाले.

"मेले रे मेले! माझे बोंबील मेले!"

बोंबील आधीच मेलेले असतात, हे तिला सांगायची कुणाची छाती नव्हती. लोक धावत आले आणि जागच्या जागी थिजले. सगळी वलांडी केशरी! जणू रांगेने जिलब्या टांगल्यात! ठकीमावशीने एक बोंबील पाण्यात बुडवून खसाखसा चोळला. रंग हटेना. बोटं मात्र केशरी झाली.

"बोईसरच्या कंपनीवाल्यांनी इष सोडलं!" ती ओरडली. "हवेतून सोडलं! आज बोंबील रंगले, उद्या आमची पोरं रंगतील!"

झालं! फोटो निघाले, फोन फिरले. घटकाभरात शेजारच्या गावांतून माणसं आली. तात्या खुर्चीवर चढले. "आपण मोर्चा काढणार! कंपनीच्या गेटवर हे बोंबील ओतणार! पालघरवरून प्रदूषण खात्याच्या मॅडमना बोलावलंय तपासणीला!"

नरहरी दात घासत घासत गर्दीत घुसला आणि ब्रश वर करून सगळ्यांच्या आधी ओरडला, "कंपनीचा धिक्कार असो!"

मग त्याला बोंबील दिसले.

त्याने एक हातात घेतला. सवयीने नाकाला लावला. बोंबलाच्या वासामागून मंद गोडसर वास आला. नरहरीच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने लाकूड शंभर टक्के बरोबर ओळखलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती!

"नरहरी, तू कंपनीत कामाला हायस," तात्या म्हणाले. "तुला तिथलं सगळं ठाव. मोर्च्यात तू पुढे!"

"मी?"

"तूच!" ठकीमावशीने त्याच्या पाठीवर थाप मारली. केशरी पंजा उमटला.

नरहरी घरी पळाला. मंजुळा दारातच उभी होती. तिच्या हातात त्याचा कालचा शर्ट होता. केशरी!

"सांगून टाका," ती म्हणाली.

"अगं, ठकीमावशी मला बोंबलाच्या जागी टांगेल!"

"टांगू दे. पण ज्यांनी काय केलं नाय त्यांच्या गेटवर जाऊन बोंबलायचं? उद्या त्याच गेटातून आत जायचंय तुम्हाला!"

नरहरी परत गेला. छातीत लेथ फिरत होता. खुर्चीवर चढला आणि डोळे मिटून म्हणाला, "मंडळी, कंपनीचा काय संबंध नाय. ते पडौक हाय."

"पड... काय?" तात्या म्हणाले.

"पडौक. आफ्रिकेचं लाकूड. माझ्या शेडमधून भुसा उडाला."

मागून कुणीतरी विचारलं, "ते पडौक हाय असं कुणी ओळखलं?"

"मी."

असा हशा उसळला की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली! तात्यांनी नकळत खिशावर हात ठेवला. ठकीमावशी मात्र हसली नाही. तिने डोळे बारीक केले.

"किती खाल्लंस रे कंपनीकडनं?"

"मावशी, शप्पथ! मंजुळाला विचार!"

"ती तुझीच बायको! तिनं पण खाल्लं!"

"मी?" मंजुळा गर्दी कापत पुढे आली. "मी फक्त यांच्या भुशाचं वरण खाल्लं हाय!"

एवढ्यात जीप आली आणि पालघरच्या मॅडम उतरल्या. पांढराशुभ्र कुर्ता, हातात बरण्या. त्यांनी चिमट्याने एक बोंबील उचलला. "नमुना प्रयोगशाळेत पाठवते. अहवाल यायला वेळ लागेल."

"तोपर्यंत मोर्चा!" गर्दी गरजली.

"थांबा!" नरहरी जिवाच्या आकांताने ओरडला. "मॅडम, आत्ताच्या आत्ता दाखवतो! त्याच ठोकळ्याचा उरलेला तुकडा, तोच लेथ, तोच पंखा!"

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. सगळा गाव शेडमागे जमला. नरहरी आतून बंद पंख्याच्या पात्यांआडून ओरडला. "मंडळी, मागं व्हा. पंख्यासमोर उभे राहू नका."

"नाय हटायची!" ठकीमावशीने पदर खोचला. "आमाला हटवून मागून रंग टाकशील! मॅडम, तुमी बी इथंच माझ्या बाजूला उभ्या ऱ्हावा!"

नरहरीने हात जोडले. मग लेथ चालू केला. पटाशी टेकवली. आणि पंख्याचं बटण दाबलं.

भस्सकन केशरी ढग बाहेर पडला! पुढचे लोक मागे पळू बघत होते आणि मागचे काय झालं ते बघायला पुढे येत होते. ढग खाली बसला तेव्हा तात्या शेंदूर फासलेल्या म्हसोबासारखे दिसत होते. ठकीमावशीचे फक्त डोळे तेवढे काळे-पांढरे उरले होते. आणि मॅडमचा कुर्ता? पुरता केशरी!

नरहरी शेडमधून बाहेर आला, मान खाली घालून.

मॅडमनी बाही झटकली. झटकून जाईना. मग बाही नाकाशी नेली. पुन्हा नेली. "वास छान आहे हो याचा!"

आणि ठकीमावशी हसायला लागली. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग ती वलांडीला धरून खालीच बसली. "अरं तात्या! जरा आरशात बघ! तुला आता नारळ फोडायचा का कोंबडा कापायचा?" तात्या रागवायचं ठरवत होते, पण त्यांनाही हसू फुटलं. बघता बघता सगळा केशरी गाव पोट धरून हसत होता. पोरं तर पंखा पुन्हा लावा म्हणून ओरडायला लागली!

मॅडमनी ते बोंबील खायचे नाहीत असं बजावलं. नरहरीने सगळा माल स्वतः घेतला, ठकीमावशीला त्याची भरपाई दिली आणि बोंबील नारळांच्या बुंध्याशी पुरले. पंख्याच्या तोंडाला गोणपाट बांधलं. पण खरी गंमत पुढेच झाली. त्या दिवशी पहिल्यांदाच गाव त्याच्या शेडमध्ये शिरला. बायका डब्या हातात घेऊन तोलू लागल्या, हुंगू लागल्या. कुणी पट्ट्यांवरून बोट फिरवलं, कुणी जांभळं लाकूड खिडकीशी नेऊन बघितलं. "ह्यो रंग लावलेला नाय? आतूनच असा?" तात्यांनी विचारलं. नरहरीने भिंगच त्यांच्या हातात दिलं. मंजुळाने आपला नवाकोरा केशरी करंडा कुणाला काही न बोलता ठकीमावशीच्या ओटीत घातला, आणि नवऱ्याला म्हणाली, "मला दुसरा. जांभळा."

काही दिवसांनी नरहरीला पालघरहून फोन आला. मॅडम! त्याने घाईघाईने स्पीकर लावला, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जावं. ठकीमावशी वलांडीवर नवे बोंबील लावता लावता थांबली.

"तामोरे, जरा विचारायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही जाणकार आहात."

नरहरीची छाती शर्टात मावेना. "विचारा ना मॅडम!"

"अहो, तो केशरी कुर्ता ऑफिसात सगळ्यांना इतका आवडला, की मी तसाच वापरायला काढला. दोन-तीनदा उन्हात वाळत घातला, तर केशरी गेलं आणि साधा तपकिरी झाला! असं का झालं?"

"साधी गोष्ट हाय मॅडम!" नरहरी खुर्चीवर मागे रेलला. गल्ली कान देऊन ऐकत होती. "पडौकाची ओळखच ती! ताजं असताना केशरी, आणि ऊन लागलं की आपोआप तपकिरी. माहितगार माणसाला हे पहिल्यापासून ठाव असतं!"

"आपोआप?" मागून ठकीमावशीचा आवाज आला. शांत. फारच शांत. "कसा तपकिरी? आमच्या सुक्या बोंबलासारखा?"

"अगदी तस्सा!" नरहरी म्हणाला, आणि मग त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

"म्हंजे मेल्या, दोन-तीन उन्हं तू गप बसला असतास तर कुणाला कायच कळलं नसतं?"

नरहरीने फोनचा स्पीकर पटकन बंद केला. ठकीमावशीचा मात्र दिवेलागणीपर्यंत चालू होता.